अश्विनीच्या गाण्यातले नारळ

पांढुर्ण्याच्या भूपेंद्रला एडिटिंगच्या कॉम्प्युटरपुढे बसवा, तो दगडाचाही कलावंत करून दाखवेल! हे पांढुर्णा म्हणत नाही, भूपेंद्र स्वतःच म्हणतो. पण इतक्या खात्रीनं म्हणतो, की आपणच हे आधी का म्हटलं नाही, याची ऐकणाऱ्याला लाज वाटते.

सौंसरच्या अश्विनीलाही वाटली. भुलाबाईची गाणी गावीत तर तिनंच. पण भोपाळच्या लोककला महोत्सवात निवड व्हायला पाच मिनिटांचा व्हिडिओ लागतो. मागच्या वर्षी मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओत तिच्यापेक्षा पंखाच जास्त गायला होता. निवड हुकली.

"ताई, तुम्ही फक्त गा," भूपेंद्र म्हणाला. "बाकी मी पाह्यतो. भोपाळवाले खुर्चीतून उठतीन!"

रामाकोना गावात कोजागिरीच्या कार्यक्रमात शूटिंग झालं. अश्विनी झकास गायली, पण सलग नाही. आपल्याकडे गाणं थांबू शकतं, आलेला पाहुणा थांबू शकत नाही. पाहुणा आला की गाणं बंद, नारळ-दुपट्टा देऊन सत्कार सुरू! मग पुढची ओळ. तेवढ्यात पुढचा पाहुणा.

भूपेंद्रनं स्टुडिओत बसून सगळे नारळ छाटले आणि गाणं असं जोडलं, जसा एखाद्या कसबी शिंप्यानं केलेला रफू! इथं थांबला असता तर काम फत्ते होतं. पण कौतुकाशिवाय त्याला जेवण जात नाही. त्यानं व्हिडिओ कोजागिरीवाल्या मंडळाचे अध्यक्ष पुंडलिकराव यांना दाखवला.

"गाणं बेस हाय," पुंडलिकराव म्हणाले. "पण मी कुठं आहो?"

"काका, हे महोत्सवासाठी..."

"मंग मी काय महोत्सवाले चालत नाही? यंदा पोरीचं लगन काढून राहिलो भाऊ. शूटिंग कोणाले द्याव, इचार चालू हाय."

भूपेंद्रनं एक नारळ परत आत घातला. एका नारळानं काय होते!

बातमी जाम नदीच्या पुरासारखी पसरली. दुसऱ्याच दिवशी सुखदेव गुरुजी दारात. शाळेच्या गॅदरिंगचं शूटिंग त्यांच्याच हातात.

"काहून बे, पुंडलिकाचा नारळ दिसते, अन् माया काय नासका निंगाला?"

गुरुजीही व्हिडिओत गेले. संत्र्याचे व्यापारी मंगेशशेठ आले, पेटीभर संत्री ठेवून तेही आत गेले. शेजारच्या अंबाबाई म्हणाल्या, "माया नातवानं हार घातला व्हता, थे घेजो बाप्पा!" नातूही गेला. पण मिनिटं पाचच! एक पाहुणा आत आला, की गाण्याची एक ओळ बाहेर.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी व्हिडिओ भोपाळला गेला आणि मगच अश्विनीला दिसला. त्यात ती तोंड उघडते, पुंडलिकराव येतात. ती मिटते. पुन्हा उघडते, गुरुजी येतात!

"दादा, याच्यात मी गाऊन कुठं राहिली?"

"तोंड उघडता ना ताई! किती डाव!"

"अन् गाणं?"

"थे समजून घेतीन. एवढे मोठे लोकं कोणाच्या गाण्यात दिसते, सांगा बरं?"

अश्विनीनं त्याच्याकडे असं पाहिलं, की दुसरा कुणी असता तर दुकान विकून नागपूरला गेला असता. भूपेंद्रनं संत्रं सोललं.

पंधरवड्यानं ती आपल्या गाण्याचं छाटलेलं शूटिंग मागायला स्टुडिओत आली असतानाच भोपाळहून फोन आला. भूपेंद्रनं ऐटीत स्पीकर लावला.

"बधाई हो! आपका चयन हो गया!"

"पाह्यलं, ताई?" भूपेंद्र खुर्चीतच वीतभर वाढला.

"हास्य-नाटिका में! ऐसी नाटिका बरसों में नहीं देखी। और वो बहनजी, जो गाना चाहती हैं और कोई गाने ही नहीं देता... क्या अभिनय है! निर्देशक कौन हैं?"

भूपेंद्रनं घसा साफ केला. "मैं ही हूँ, सर."

अश्विनीनं फोन हिसकावला. "सर, मैं वही बहन हूँ. भोपाल में मुझे गाने देंगे ना?"

"अरे नहीं, बहनजी! आपने गा दिया तो नाटक ही बिगड़ जाएगा!"