अडतीस किलो शिसं

हंगामाच्या पहिल्याच शर्यतीत एक सोळाफुटी कॅटमरान आमच्या अठराफुटी कॅटमरानच्या पुढे निघून गेली. घटना एवढीच. कुणी बुडालं नाही, काही मोडलं नाही. परंतु अठराफुटी वर्गाच्या तांत्रिक समितीचा अध्यक्ष या नात्याने मला तिची गंभीर दखल घेणं भाग होतं, कारण मागे पडलेली बोट माझी होती.

कॅटमरान ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दोन लांबट, बारीक होड्या शेजारी शेजारी ठेवायच्या, मध्ये जाळी ताणायची, वर शीड उभं करायचं आणि जाळीवर दोन माणसांनी बसून एकमेकांवर ओरडायचं. शर्यतीत पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांना, म्हणजे बोयांना, वळसा घालून परत यायचं. आमच्या बोटीवर सुकाणू माझ्याकडे आणि शिडाचे दोर हिच्याकडे. ओरडण्याचं खातंही माझ्याकडेच. लग्न झाल्यापासून ही व्यवस्था सुरळीत चालू आहे, निदान माझ्या बाजूने.

त्या सोळाफुटीवर आमच्या गल्लीतला डेंटिस्ट आणि त्याची मुलगी होती. पुढे जाताना तो सगळे दात दाखवून हसला. "काय हो, नांगर टाकलाय की काय?"

काठावर आल्यावर मी हिला म्हणालो, "आपण वजनात मार खाल्ला. त्यांची बोट एकशे दहा किलो, आपली एकशे ऐंशी."

"बोयाला वळताना मार खाल्ला," ही म्हणाली. "दोर सोडू का, सोडू का, म्हणून मी विचारतेय, आणि तुम्ही मला वाऱ्याची दिशा समजावून सांगताय."

"वारा समजल्याशिवाय दोर कसा सोडणार?"

"अहो, वारा माझ्या तोंडावर येत होता. तो मला आपला आपण समजतो."

तेवढ्यात डेंटिस्ट आलाच. त्याची मुलगी पुढच्या शिक्षणासाठी बाहेर चालली होती. माझ्यादेखत त्याने हिला विचारलं, "वहिनी, वार्षिक शर्यतीनंतर माझ्या बोटीवर जागा रिकामी होतेय. याल का?"

मी मोठ्याने हसलो. ही हसली नाही. "वार्षिक शर्यत होऊ दे," म्हणाली, "मग सांगते."

म्हणजे वार्षिक शर्यतीत डेंटिस्टला हरवलं नाही, तर इतक्या वर्षांचा संसार माझ्या जाळीवरून उठून त्याच्या जाळीवर जाऊन बसणार. यावर सर्वात सोपा उपाय म्हणजे बोयाला नीट वळायला शिकणं. पण अध्यक्षाने या वयात वळायला शिकणं बरं दिसत नाही. मी समितीची बैठक बोलावली.

समितीत माझ्याशिवाय दोघे जण होते: एक निवृत्त मुख्याध्यापक आणि एक फरशीवाले. फरशीवाल्यांचं फरशांचं दुकान असल्यामुळे वजन हा विषय त्यांच्याकडे सोपवलेला होता.

किमान वजनाचा नियम मुळात माणसाच्या भल्यासाठी केलेला आहे. तो नसता तर कुणीतरी पापुद्र्याएवढी पातळ बोट करून पहिला आला असता आणि लगेच बुडालाही असता. म्हणून अठराफुटी बोट एकशे ऐंशी किलोच्या खाली भरता कामा नये, आणि कमी भरलीच तर शिशाच्या लगडी बांधून वजन पुरं करायचं, असं ठरलेलं. मी गंभीरपणे मांडलं की किमान वजन एकशे सत्तर करावं, म्हणजे वेग वाढेल. ठराव एकमताने मंजूर झाला. आम्ही तिघे तडक शेडमध्ये गेलो आणि माझी बोट काट्यावर चढवली. ठराव होऊनही ती एकशे ऐंशीच भरली.

"अंमलबजावणीत कसूर झालेली दिसते," मुख्याध्यापक म्हणाले.

मग अंमलबजावणी सुरू झाली. मुख्याध्यापकांनी बोटीचा रंग खरवडून काढला. फरशीवाल्यांनी जिथे म्हणून जाडी दिसली तिथे ड्रिलने भोकं पाडली, त्यातलं एक पाण्याच्या रेषेखाली निघालं. मी वल्ह्याचा दांडा अर्धा कापला. आम्ही एकशे सत्तरवर आलो ही बातमी पोचताच सोळाफुटीवाल्यांनी आपली मर्यादा शंभरवर आणली. आम्ही एकशे साठ केली. दोन्ही वर्गांमध्ये वेगाची इतकी चुरस हल्ली पाण्यावरसुद्धा बघायला मिळत नाही.

या कामात एक शास्त्रीय अडचण लक्षात आली. पाण्यात गेलेली बोट पाणी पिते. सांधे भिजतात, दोर भिजतात, आणि वजन चांगलं दोन-अडीच किलोंनी वाढतं. सबब मी नियम केला की वजनाचा दाखला बोट कोरडी असेपर्यंतच वैध राहील. सर्व बोटी पंख्याखाली ठेवण्यात आल्या. कुणी सरावाला बोट पाण्यात घातलीच, तर दाखला रद्द आणि पुन्हा रांगेत. साहजिकच सराव बंद झाला. मधल्या एका शर्यतीत सगळ्याच अठराफुटी इतक्या रखडल्या की शर्यत संपवून पंच घरी गेले तरी आम्ही पाण्यातच. मी अहवालात लिहिलं की वजन अजूनही जास्त आहे.

"अहो, आता पुन्हा पाण्यावर जायचं कधी?" हिने विचारलं.

"वार्षिक शर्यतीच्या दिवशी."

"आणि वळायचं?"

"बोट हलकी झाली की आपोआप वळते."

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी ती सूनबाईला घेऊन क्लबच्या जुन्या शिकाऊ बोटीवर जाऊ लागली. त्या बोटीचं वजन आजवर कुणी केलेलंच नव्हतं, त्यामुळे मीही तिकडे लक्ष दिलं नाही.

माझं लक्ष डेंटिस्टवर होतं. हा गृहस्थ वारा मंद असला की काडीसारखी मुलगी घेऊन यायचा आणि वारा जोराचा असला की बोट दाबून धरायला धिप्पाड पुतण्याला बसवायचा. ही सरळसरळ लबाडी होती, आणि ती मला आधी सुचली नव्हती. मी दोन्ही वर्गांची संयुक्त सभा घेऊन माझ्या कारकिर्दीतला सर्वात मोठा नियम पास करून घेतला. वार्षिक शर्यतीसाठी बोट आणि दोन्ही माणसं यांचं एकत्र वजन होईल. दाखल्यावर जो आकडा पडेल तेवढंच वजन घेऊन शर्यतीत उतरायचं. माणूस बदललं आणि नवं माणूस हलकं निघालं, तर फरकाचं शिसं बोटीला बांधायचं. शिवाय निःपक्षपातीपणासाठी एका वर्गाचं वजन दुसऱ्या वर्गाने करायचं.

"छान नियम आहे," डेंटिस्ट म्हणाला. "तुमचं वजन मी करतो."

घरी मी उकडलेल्या भाज्यांवर राहू लागलो. ही आणि सूनबाई सकाळी पाण्यावरून यायच्या आणि माझ्यासमोर बसून भरपूर जेवायच्या. वजनाच्या दिवशी मी केस कापून गेलो. चष्मा काढून ठेवला. श्वास सोडून काट्यावर चढलो.

"श्वास घ्या," डेंटिस्ट सवयीने म्हणाला. "दुखणार नाही." मग आकडा वाचला, "शहाण्णव."

"काटा चुकतोय."

"मघाशी वहिनी एकसष्ट भरल्या. तेव्हा नाही चुकला."

नंतर बोटीची पाळी आली. बोट ज्याची त्याने उचलून काट्यावर ठेवायची, हा नियमही माझाच. मी वाकलो, अध्यक्षाला शोभेल अशा जोरात एक बाजू उचलली, आणि पाठीत कट्ट वाजलं. आवाज ऐकून मुख्याध्यापकांना वाटलं बोटीला तडा गेला, म्हणून ते आधी बोटीकडे धावले.

मला शेडच्या बाकड्यावर आडवं करण्यात आलं. बोटीवर बसणं सोडाच, कूस बदलायलाही दोन माणसं लागत होती. बाकीच्यांनी बोट काट्यावर ठेवली होती आणि दाखल्यावर माझ्यासकट आकडा पडून गेला होता. शर्यत तोंडावर आली होती.

"मी सूनबाईला घेते," ही म्हणाली. "सुकाणू मी धरीन."

फरशीवाल्यांनी हिशोब केला. सूनबाई अठ्ठावन्न, मी शहाण्णव. नियमाप्रमाणे बोटीला अडतीस किलो शिसं बांधावं लागणार होतं. मीच केलेला नियम, त्यामुळे सहीसुद्धा मलाच करावी लागली. बाकड्यावर पालथं पडून मी माझ्या जागी सुनेची आणि शिशाची नेमणूक केली. डेंटिस्टने लगडी स्वतः बांधल्या आणि दोर दोनदा ओढून बघितले. "वहिनी, शर्यतीनंतर बोलू," असंही म्हणाला.

वार्षिक शर्यत मी शेडच्या खिडकीशी त्याच बाकड्यावर पडून दुर्बिणीतून पाहिली. पहिल्या बोयाला डेंटिस्ट पुढे होता. ही मागून आली. मी खिडकीतून ओरडलो, "वळ! आता वळ! वारा बघ!" एवढ्या लांबून ऐकू जाणं शक्यच नव्हतं. बोट वळली. काठीवरून वाळत घातलेली चादर ओढून घ्यावी तसं शीड एका बाजूचं दुसऱ्या बाजूला आलं. दोघींची तोंडं हललेली मला दिसली नाहीत. दुसऱ्या बोयाला त्या बरोबरीत आल्या आणि तिसऱ्याला डेंटिस्टच्या नाकासमोरून पुढे गेल्या. मी टाळ्या वाजवल्या, पाठीत कळ आली, तरी वाजवल्या. आणि खरं सांगतो, त्याच क्षणी मला फार वाईटही वाटलं.

या दोघींनी शर्यत जिंकल्यावर डेंटिस्टने हरकत घेतली. बोट हलकी केल्याशिवाय हे शक्य नाही, फेरवजन करा, म्हणाला. बोट, ही, सूनबाई आणि शिसं, सगळं कोरडं करून पुन्हा काट्यावर चढवलं. त्याने चष्मा लावून आकडा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. दाखल्यावरच्या आकड्यात कणभर फरक नव्हता.

"तीच बोट, तेवढंच वजन," तो पुटपुटला. "मग बदललं काय?"

हळूहळू सगळ्यांच्या माना बाकड्याकडे वळल्या.

अशा नाजूक प्रसंगी समितीच कामाला येते. बैठक माझ्या उशाशी भरली. मुख्याध्यापकांनी सर्व बाजूंनी विचार करून निष्कर्ष काढला की वजन तेच आणि वेग जास्त, त्या अर्थी शिसं हे माणसापेक्षा वेगवान असतं. मला एवढं हलकं झाल्यासारखं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. किमान वजन पुन्हा एकशे ऐंशी करून वाढलेलं सगळं वजन शिशाने भरावं, असा ठराव मी तिथेच मांडला. सोळाफुटीवाल्यांनी सायंकाळपर्यंत आपल्या वर्गासाठी दोनशे किलो मागितले.

ही चषक घेऊन माझ्या शेजारी बसली. केसांतून अजून पाणी गळत होतं.

"पाठ कशी आहे?"

"बरी आहे. डेंटिस्टला काय सांगितलंस?"

"नाही म्हणून सांगितलं."

माझा जीव भांड्यात पडला. "मला माहीत होतं, तू मला सोडून जायची नाहीस."

"तसं नाही हो. त्या जागेसाठी मी तुमचं नाव सुचवलं. तो नको म्हणाला." तिने माझी उशी सारखी केली. "आता पाठ बरी झाली की पुढे बसायचं. दोर तुमच्याकडे. मी म्हणेन तेव्हा सोडायचा."

"आणि वारा?"

"तो तोंडावर येतो. समजेल तुम्हाला."

तुम्ही हसताय ना? हसा. पण तुमच्याही हातात कुठलं ना कुठलं सुकाणू असेलच, घराचं, दुकानाचं, नाहीतर ऑफिसातल्या चार माणसांचं. काम रखडतंय ते वाऱ्यामुळे, बोटीमुळे किंवा शेजारच्याच्या वजनामुळे, हेही तुम्ही नक्की शोधून ठेवलं असेल. तर एक दिवस आडवे व्हा आणि आपल्या वजनाचं शिसं आपल्या खुर्चीत ठेवून बघा. शिसं आमच्या शेडमध्ये मिळतं. सध्या रांग मोठी आहे. मात्र आतापर्यंत जो कुणी आला, त्याने दुसऱ्याच कुणाच्या तरी मापाचं मागितलं आहे.