किसनआप्पांचे थांबे

आमचे शेजारी किसनआप्पा मोबाइलवर कुठलंही पान उघडलं की आधी ते नोट्सच्या अ‍ॅपमध्ये साठवतात आणि मग वाचतात. कधीकधी वाचायचंच राहून जातं. "सर, हे पान उद्या असंल का न्हाई, काय भरवसा?" हा त्यांचा कायमचा धोशा. पान जागेवर राहतं, आप्पाच घामाघूम होतात.

सगळी नोकरी एसटीत, कंडक्टर म्हणून. त्यामुळे अ‍ॅपमधल्या फोल्डरांना नावं थांब्यांची. मूळव्याधीचे उपाय वडवणीत, कापसावरची बोंडअळी तेलगावात, नोकरीच्या जाहिराती बीडला. "थांबे पाठ हायेत, सर. बाकीचं लई इसरतो मी." दिवाळीनंतर लेक सुमी आणि जावई ऊसतोडीला गेले, तेव्हापासून तर या नादाला ऊतच आला. बायको आधीच वारलेली, रिकामं घर, माणूस वेळ घालवणार तरी कसा, अशी मी माझी समजूत करून घेतली होती.

परवा सकाळी ते धावतच आले. चेहरा पांढराफटक.

"सर, मोबाइल भरला! नवं पान घेईनाच. जुनी बी जातेत का काय?"

मी जुनी पानं पुसायला बसलो. मंगल कार्यालयाची जाहिरात, तीही तीनदा. "राहू द्या की, लागंल कवातरी." मूळव्याध? "आता न्हाई, पर पुढं झाली तर?" शेवटी अगदी जिवावर आल्यासारखं करत त्यांनी काकडीच्या कोशिंबिरीवर पाणी सोडलं.

मग एक अनोळखी थांबा दिसला. सांगलीकडचं कुठलंसं गाव. आप्पांची गाडी तिकडे कधी गेलीच नव्हती. आत तिथलं रोजचं हवामान, उसाच्या फडात बिबट्या दिसल्याची बातमी, तालुक्याच्या दवाखान्याचा पत्ता, बाळंतपणाच्या डॉक्टरांच्या वेळा.

"हे उडवू?"

आप्पांनी फोन हिसकावूनच घेतला.

"सुमी तितं हाय, सर. सातवा लागलाय तिला. आन कोयता काय सुटला न्हाई."

मला माझीच लाज वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "अहो, मग फोन करून विचारा ना तिला."

"करतो की रोज. फोनवर ती बरीच असती." आप्पांनी फोनची काच सदऱ्याला पुसली. "तिची माय बी दवाखान्यातून म्हनली, मी बरी हाय, तुमी जा ड्यूटीवर. मी गेलतो, सर."