साडेसात एचपीचा वाचक

बायकोनं आपल्यावर अख्खं पुस्तक लिहिलं आणि त्यात आपल्याला सोलून काढलं, तर माणूस काय करेल? पुस्तक लपवेल, फार तर जाळेल. आमच्या धामणगाव बढ्याचे देवीदासभाऊ ते गिऱ्हाइकांना वाचायला देतात.

भाऊंचं मोटर वायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची मोटर जळाली की आसपासच्या गावांतला शेतकरी ती त्यांच्याकडे आणतो आणि काम होईपर्यंत बाकड्यावर बसून राहतो. बसला की भाऊ त्याच्या हातात पुस्तक ठेवतात. "वाचा. मास्तरीणनं लिवलं." मास्तरीण म्हणजे त्यांची बायको. शाळेत शिकवायची. बरीच वर्षं संसार केला आणि मग बदली मागून बुलडाण्याला गेली, ती गेलीच. हा संसार कसा विरत गेला, ते तिनं लिहिलं आहे. दारू नाही, मारझोड नाही. नवरा बोलतच नाही, एवढीच तक्रार; पण ती पुस्तकभर पुरली.

स्वतः भाऊंनी मात्र ते वाचलेलं नाही. "मधलं मले माहीत हाये, मी होतो ना तिथं! शेवट काय केला ते सांगा." शेवटी तिनं आपल्याबद्दल काय म्हटलं, एवढंच त्यांना हवं असतं, आणि शेवटचं पान उघडायची हिंमत होत नाही. बरं, गिऱ्हाइकानं तरी थेट शेवट काढावा? तेही चालत नाही. "तिनं वळीनं लिवलं, तुमी वळीनं वाचा." एकानं चोरून मागचं पान काढलं, तर त्याची मोटर तशीच उघडी टाकून भाऊ चहाला निघून गेले.

त्यामुळे आमच्या गावात या पुस्तकाबद्दलचं मत मोटरच्या ताकदीवर ठरतं. तीन एचपीवाल्याचं काम लवकर होतं. तो लग्नाच्या प्रकरणापर्यंत पोचतो आणि "भाऊ, काय जोडा होता हो तुमचा!" म्हणत उठतो. पाच एचपीवाला अबोल्याच्या प्रकरणात शिरतो. आमच्या गल्लीतला गजानन असाच शिरला आणि पुस्तक आपटून म्हणाला, "भाऊ, राग येऊ देऊ नका, पण तुमी लय नालायक मानूस निघाले."

भाऊंनी मान वर न करता सांगितलं, "पाच एचपीवाले सारे असंच म्हनतात."

कमलताई स्वतःची शेती स्वतः पाहते आणि कुणाची भीड ठेवत नाही. ती म्हणाली, "बाई बोले तव्हा आयकलं नाही, अन् आता गावाले आयकवून राह्यले?"

"हाव ताई. आता तेवढंच जमते."

एका जाडजूड पुढाऱ्यानं मात्र बाईलाच नावं ठेवली. घरच्या गोष्टी अशा चव्हाट्यावर मांडतात का, म्हणाला. भाऊंनी पक्कड खाली ठेवली. "मोटर घेऊन जा. तिनं एक अक्षर खोटं लिवलं नाही."

"तुमी वाचलं कुठं?"

"तिले खोटं जमतच नाही. तेच तर अवघड होतं."

गव्हाला पाणी द्यायच्या ऐन वेळी माझी साडेसात एचपीची मोटर जळाली. मी शाळेत मराठी शिकवतो, म्हणून भाऊंना माझ्याकडून भारी आशा. त्यातच वायंडिंगची तार संपली, ती मलकापूरहून यायची होती. दिवसभर बाकड्यावर बसलो आणि शेवटापर्यंत पोचणारा पहिला वाचक ठरलो.

मला पुस्तक मिटताना भाऊंनी पाहिलंच. "झालं? मंग?"

थाप मारावी असं फार वाटलं. तुमची आठवण येते म्हणते, असं सांगितलं असतं तर तपासायला कोण जाणार होतं? पण जीभ रेटेना. "भाऊ, ती परत यायचं म्हणत नाही. तुमच्यावर रागही नाही आता. एकटी राहते, आणि सुखात आहे म्हणते."

भाऊ स्टुलावर टेकले. माणूस आता खचतो, असं वाटून मी उठून उभा राहिलो.

"सुखात? असं लिवलं तिनं?"

"हो."

"वाचा ना तेवढं."

मी वाचलं. अंगणात मोगरा लावलाय, संध्याकाळी शेजारणी येऊन बसतात, क्षुल्लक गोष्टीवरही खूप हसू येतं. साधीच वाक्यं होती.

"मले भेव होतं सर," भाऊ म्हणाले. "म्हनलं, माह्यासंगं राहून तिचं हासनं कायमचंच गेलं असन."

तेवढ्यात मोटरसायकलवर मोटर बांधून एक शेतकरी आला. भाऊंच्या ओळखीचाही नव्हता. किती एचपी, कुठलं गाव, काहीच न विचारता भाऊ त्याला म्हणाले, "शोभा सुखात हाये."

मास्तरीणचं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. त्या बिचाऱ्याला काय कळणार? पण माणूस भला होता. दोरी सोडता सोडता तो म्हणाला, "बरं झालं ना भाऊ."

"हाव," भाऊ म्हणाले. "लय बरं झालं." आणि भिंतीकडे तोंड करून कितीतरी वेळ डोळे पुसत राहिले.