बापू ओव्हन घेतात

ओव्हन विकत घ्यायला जाताना बापू घरून पीठ मळून नेतात. स्टीलच्या डब्यात, वर ओलं फडकं बांधून. दुकानदार खोक्यावरची अक्षरं वाचून दाखवू लागला की बापू डबा उघडतात. "ता रवांदे. आदी पाव भाजून दाखव. बस रस्त्यावर चालवल्याबगर पास होता?"

बापू धामापुरातले माझे शेजारी. सारा जन्म एसटीत कंडक्टर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण घंटीची दोरी अजून त्यांच्याच हातात आहे. लग्नाच्या पंगतीतसुद्धा "फुडे सरका, मागे जागा आसा" म्हणतात, आणि गंमत म्हणजे लोक सरकतात.

या माणसाला ओव्हनाचं वेड कुठून लागलं, ते सांगतो. आमच्याकडे गणेशचतुर्थीत भजनी मंडळ घरोघर फिरतं आणि भजन संपलं की घरवाल्याने उसळ-पाव द्यायचा, ही रीत. बापूंना मूलबाळ नाही. त्यांच्या पत्नी, माई, दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यानंतरच्या चतुर्थीला मंडळ आलं, बुवांनी एक अभंग म्हटला, एक गजर म्हटला आणि सगळे उठले. "तुमका कित्याक तरास, बापूनू? घरात बाईमाणूस नाय." बापूंनी सकाळपासून खपून काळ्या वाटाण्याची उसळ केली होती. पातेलं भरलेलं तसंच राहिलं. मला बुवांचा असा राग आला!

बापू मात्र रडत बसणारे नव्हेत. "चूक माझीच," म्हणाले. "इकतचो पाव बाजारात खंयव गावता. घरात भाजलेलो ठेवन कोण जातलो? आणि पखवाजवाल्या पोरांका पिझ्झा होयो, तोव घालतंय." झालं! पुढच्या चतुर्थीला मंडळ जेवल्याशिवाय हलता कामा नये, एवढाच एक ध्यास.

मग मोटारसायकलवर मी, मागे बापू, आणि दोघांच्या मध्ये डबा, अशी आमची वरात निघू लागली. मालवणात मायक्रोवेव्ह दाखवला. बापू म्हणाले, "ह्यात पाव उकडतलो, भाजूचो नाय." कसालच्या दुकानदाराने एक छोटा, गोंडस ओव्हन पुढे केला.

"एकट्या माणसाला भरपूर होईल, काका."

"सिटिंग कितकी?"

"म्हणजे?"

"एका फेरीत पाव कितके बसतत?"

"सहा बसतील."

"मिनीबस!" म्हणून बापू पायऱ्या उतरलेसुद्धा.

कुडाळच्या दुकानात एक दांडगा ओव्हन सापडला. खाली-वर दोन्हीकडून तापणारा, आत दोन मोठे ट्रे मावणारा. दुकानदार आधी नाही-नाही म्हणाला, मग कंटाळून म्हणाला, "लावा काका, काय ते लावा." वाटेतल्या उन्हाने पीठ इतकं फुगलं होतं की फडकं सुटून डब्याबाहेर आलेलं. आणि दुकानभर माडीचा आंबूस वास. बापूंनी पीठ यीस्टऐवजी माडीत, म्हणजे माडाच्या दारूत भिजवलं होतं!

पण पाव काय झाले होते म्हणून सांगू! वरून तांबूस, आत मऊ लुसलुशीत. गिऱ्हाइकं गोळा झाली. फ्रीज बघायला आलेलं एक नवं जोडपंही फ्रीज विसरून पाव खात उभं राहिलं. बापू त्यांना ओळीने पुढे सरकवत होते. ओव्हन पास झाला.

परतताना टेम्पो ओव्हन घेऊन मागून येत होता. मी म्हटलं, "बापूनू, गणपतीत भजनाक माडीचो पाव?" नेरूरपारच्या पुलावर बापूंनी एकदा मागच्या टेम्पोकडे वळून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "गणपतीक यीस्ट घालूया."

चतुर्थीला मंडळ आलं. आरती झाली, अभंग झाले, गजर झाला आणि बुवा सवयीने उठले. "येतंव बापूनू, तुमका कित्याक..." बापू दारात आडवे उभे. "बसा. मदल्या थांब्यावर उतरूक गावचा नाय!" तेवढ्यात आत ओव्हनाची टिंग वाजली. "सिंगल बेल! गाडी थांबली," बापू ओरडले आणि आत धावले.

पावांचे ट्रे आले. मागोमाग वाटाण्याची उसळ आणि चीज पसरलेला पिझ्झा आला. पहिला तुकडा पखवाजवाल्याने उचलला आणि मग सगळ्यांचे हात ट्रेकडे वळले. बुवांनी तिसऱ्यांदा पाव मागितला तेव्हा बापूंचा जो चेहरा झाला, तसा निवडून आलेल्या सरपंचाचाही मी पाहिला नाही. जाताना मंडळाने आपण होऊन आणखी एक गजर केला. मी घसा बसेस्तोवर ओरडलो.

चतुर्थी सरल्यावर एका संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो, तर दाराला कुलूप आणि आतून पाव भाजल्याचा वास. मी खिडकीशी धावलो. इतक्यात बापू तलावाकडून डुलत डुलत येताना दिसले. मी तोंड सोडलं.

"बापूनू, ओव्हन लावन भायर जातास? घर पेटला तर?"

"टायमर आसा रे. आपोआप बंद होता."

"पण येवन लावक काय झाला?"

बापू कुलपात किल्ली घालून थांबले. "येवन लावक जमता रे. पण मगे मी रिकाम्या घरात येतंय. असो वास इलो काय वाटता, आत कोण तरी रांधता."

त्यांनी दार उघडलं, चपला काढल्या आणि आतल्या अंधाराकडे बघून हाक दिली, "इलंय गो."