मोटेच्या चामड्याची ब्रीफकेस

पाटोद्याच्या पेठेत राजेश्वर झुंजेचं बी-बियाण्यांचं दुकान होतं आणि त्या दुकानात बियाण्यापेक्षा राजेश्वरची मतंच जास्त खपत. एक तर ती फुकट मिळत, शिवाय न मागता मिळत! त्या उन्हाळ्यातलं ताजं मत असं होतं: "देश खुला झाला बे! आता माणूस कोन बघतंय? माणसाच्या हातात काय हाय ते बघतेत!"

देश खुला होऊन तीनेक वर्षं झाली होती. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीने पाण्याच्या प्लॅस्टिकच्या टाक्या काढल्या होत्या आणि तिला पाटोदा तालुक्यासाठी एकच एजंट हवा होता. बीडच्या एका लॉजवर मुलाखत. येताना दुकानाचा परवाना, फोटो आणि शिक्का आणायचा. अर्ज फक्त दोघांचे आले होते. एक राजेश्वरचा, दुसरा हार्डवेअरवाल्या श्रीशैल कोरेचा. आणि श्रीशैल हा राजेश्वरचा सख्खा साडू! म्हणजे एजन्सी हातची गेली, तर ती नुसती जाणार नव्हती. पुढे दर सणाला सासुरवाडीच्या पंगतीत समोर येऊन बसणार होती.

"श्रीशैल येईल पिशवी लटकवत," राजेश्वर बायकोला, महादेवीला म्हणाला. "मी नेनार ब्रीफकेस! दुकानातली रेक्झिनची न्हाई. हातानं शिवलेली, अस्सल चामड्याची!"

"कागद तर तेच ऱ्हानार ना?" महादेवी म्हणाली.

"तुला न्हाई कळायचं."

हे वाक्य तो लग्नापासून म्हणत आला होता. त्यामुळे बऱ्याच गोष्टी त्यालाच कळायच्या राहून गेल्या होत्या.

वेशीजवळ हरिबाचं छप्पर होतं. विहिरीवर बैल मोट ओढत, त्या काळात हरिबाने शिवलेली मोट आष्टीपर्यंत जायची. मग विजेचे पंप आले आणि हरिबा चपला शिवू लागला. त्याने राजेश्वरपुढे चामड्याचे तीन तुकडे मांडले.

"ह्ये पातळ, पाकिटाचं. ह्ये मधलं, बॅगीचं. दुमडतंय, वाकतंय, शिलाई धरतंय. आन ह्ये जाड. ह्ये मोटेचं राह्यलंय, बारा-पंधरा वर्सं झाली. आता तळव्याला लावतो."

राजेश्वरने तिन्ही तुकडे ज्वारीचा दाणा पारखावा तसे नखाने दाबून पाहिले. मधल्यावर नख उमटलं. जाडावर नखच दुमडलं!

"ह्येच!"

"शेट, ह्ये बॅगीला न्हाई चालत."

"कावून?"

"बॅग उघडावी लागती, शेट. मोट कुठं उघडावी लागत व्हती?"

"हरिबा, मधल्या मालानं मधला मानूस दिसतो. मला जाड पाहिजे. झाकन, बाजू, मूठ, समदं जाड! आन झाकन डब्यावानी वरून बसलं पाहिजे, गच्च."

हरिबाने एकदा चामड्याकडे पाहिलं, एकदा राजेश्वरकडे, आणि दोघांतलं जास्त जाड कोणतं ते ठरवून आरी उचलली.

मुलाखतीच्या दोन दिवस आधी ब्रीफकेस तयार झाली. राजेश्वरने ती बियाण्याच्या काट्यावर ठेवली. रिकामी साडेसात किलो! झाकण उघडायला दोन्ही गुडघे आणि एक शिवी लागत होती.

"महिनाभर एरंडेल पाजा," हरिबा म्हणाला. "हळूहळू नरम पडंल."

महिना कुठला? परवा तर मुलाखत! पण राजेश्वरचं डोकं अशा वेळी भलतंच चालायचं. त्याच्या आजोबांची मोट उन्हाने कडक झाली की हौदात बुडवत, दिवसभरात ती चिखलासारखी मऊ व्हायची. चामडं तेच, मग उपायही तोच! हरिबाला विचारायचं कारणच नव्हतं. विचारलं असतं, तर मोट भिजवल्यावर पुन्हा विहिरीतच जायची, उन्हात नव्हे, एवढं तरी त्याने सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रीफकेस घरामागच्या हौदात बुडाली आणि संध्याकाळी बाहेर आली. मऊ! झाकण एका बोटाने उघडत होतं! राजेश्वरने परवाना, फोटो आणि शिक्का प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आत ठेवले आणि घरात ताकीद दिली, "कोनी हात लावायचा न्हाई!"

सकाळी पट्टे आवळून, महादेवीने दिलेली शिदोरी काखेत मारून तो बीडच्या एसटीत चढला. ब्रीफकेस डोक्यावरच्या फळीवर चढवली. गाडीने पहिलं वळण घेतलं आणि खालच्या बाकावरचे गावातले भगवानराव धोतर सावरत उठले. त्यांच्या नव्याकोऱ्या टोपीतून पाणी कानावर ओघळत होतं.

"आरं कंडक्टर! ह्येंची पेटी मुतायली!"

"अस्सल चामडं हाय!" राजेश्वर म्हणाला.

"जित्तं हाय का?"

कंडक्टरने गाडी थांबवली आणि ब्रीफकेस टपावर चढवायला लावली. वैशाखाचं ऊन, तापलेला पत्रा आणि दीड तासाचा रस्ता! बीडला पोचल्यावर राजेश्वरने ती खाली घेतली. ती कोरडी ठणठणीत झाली होती. लई झाक, असं म्हणून त्याने वर टिचकी मारली. हलगीसारखा आवाज आला. त्याला तो शुभशकुन वाटला.

लॉजवर कंपनीचे साहेब टेबलामागे बसले होते. बाजूला श्रीशैल. त्याच्या मांडीवर कापडी पिशवी. राजेश्वरने ब्रीफकेस टेबलावर ठेवली, तसा साहेबांचा चहा बशीत उतरला.

"वा!" साहेब म्हणाले. "हाताने शिवलेली दिसतेय! कागद दाखवा."

राजेश्वरने ऐटीत पट्टे सोडले. झाकण हललं नाही. गुडघे लावले. हललं नाही. शिवी साहेबांसमोर देता येईना, ती मनात दिली. तरी नाही! भिजलेलं चामडं उन्हात वाळून आवळलं होतं आणि झाकण खोक्याला असं बिलगलं होतं, जसं हरवलेलं पोर जत्रेत आईला बिलगतं.

लॉजचा मॅनेजर आला. त्याने एक बाजू धरली, दोन वेटरांनी दुसरी. तिघंही ब्रीफकेससकट टेबलाभोवती एक फेरी मारून आले. साहेबांनी लिफाफे फोडायची सुरी घातली. सुरीचं पातं मोडलं! शेवटी श्रीशैलही साडूधर्माला जागून जमिनीवर बसला आणि पाय लावून ओढू लागला. मूठसुद्धा निघाली नाही. हरिबाची शिलाई होती ती!

"परवान्याचा नंबर तरी सांगा," साहेब घड्याळ बघत म्हणाले.

"तो बी आतच हाय, साहेब."

"मी चारला निघतो. तोवर आणा."

राजेश्वर ब्रीफकेस खांद्यावर घेऊन स्टँडकडे पळाला. तिथे लिंबाखाली सिदू नावाचा म्हातारा चपला शिवत बसायचा.

"काप! कुठून बी काप!"

सिदूने रापी उचलली, शिलाईवर अंगठा फिरवला आणि रापी खाली ठेवली.

"पाटोद्याच्या हरिबाचा टाका हाय ह्यो."

"मंग?"

"मंग काय? ज्यानं शिवलं त्यानंच उसवायचं. माझ्या हातानं न्हाई व्हायचं."

राजेश्वरने हात जोडले, पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले. देश खुला झाला होता, पण सिदू काही उघडला नाही.

चार वाजता श्रीशैलला एजन्सी मिळाली. त्याने पेढा पुढे केला आणि राजेश्वरला तो गोड मानून घ्यावा लागला. साहेबांची जीप निघून गेली, तेव्हा मात्र त्याला खरंच वाईट वाटलं. टाक्या त्याने श्रीशैलपेक्षा जास्त विकल्या असत्या, हे खरं होतं. नुसत्या बोलण्यावर विकल्या असत्या.

परतीच्या गाडीत पोटात कावळे ओरडायला लागले. ब्रीफकेसवाल्याने साहेबासमोर भाकरी कशी सोडायची, म्हणून सकाळपासून त्याने महादेवीने दिलेल्या शिदोरीला हातही लावला नव्हता. आता त्याने फडकं सोडलं. दोन भाकरी, ठेचा, कांदा. आणि खाली प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत परवाना. फोटो. शिक्का.

अख्खं बीड मिळून दिवसभर रिकामी ब्रीफकेस उघडत होतं!

घरी आल्या आल्या त्याने ती पिशवी महादेवीसमोर आपटली.

"ओल्या चामड्यात कागद ठिवतेत का कुठं?" ती म्हणाली. "शिक्क्याची शाई पसरली असती. म्हनून पहाटं काढून भाकरीखाली घातले."

"मंग सांगायचं तरी!"

"निघत्या मानसाला टोकू नये म्हनून तुमीच वरडता! टोकलं की परत येऊन बसता, पानी पिता, गाडी चुकवता. म्हनलं, भूक लागली की सापडतेल."

राजेश्वर खाली मान घालून जेवत होता. चौथी भाकरी ताटात पडली, तेव्हा तो हळूच म्हणाला, "भूकच लागली न्हाई बघ मला, दिवसभर."