नारळामागची होडी

दिनानाथला पोहता येतं, गळ टाकता येतो आणि व्हिडिओ बघून होडी चालवता येते. त्यामुळे रविवारी आठ वर्षांच्या मनस्वीला समुद्रात नेऊन मासा पकडायला काहीच अडचण नव्हती. असं त्याने सासूबाईंना सांगितलं, तेही छाती पुढे काढून.

सांगणं भागच होतं. त्याची बायको दिपिका वारली, त्याला वर्ष झालं होतं. तेव्हापासून तिची आई, भामाआजी, नेरे गावाहून सारखी त्यांच्या खांदा कॉलनीतल्या घरी यायची, नातीच्या वेण्या बघायची आणि पोरगी माझ्याकडे द्या म्हणायची. वेण्या बघण्यासारख्याच असायच्या. एक कानावर, दुसरी मानेवर. शिवाय दिनानाथने एकदा पोरीला सुट्टीच्या दिवशी शाळेत सोडून दिलं होतं. या वेळी आजीने निकालच लावला. पोर समुद्रावरून धड आणि हसत परत आली तर विषय बंद. नाहीतर मे महिन्यात तिची बॅग नेऱ्याला.

होडी ऑफिसातल्या मिथुनची. कायाक म्हणतात तिला. प्लास्टिकची, लांबट, वरून उघडी. एखाद्या भल्या मोठ्या केशरी भेंडीसारखी. दिनानाथने आठवडाभर पलंगावर बसून झाडूने वल्हवण्याचा सराव केला. मनस्वी उशी धरून मागे बसायची. पलंग एकदाही उलटला नाही.

रविवारी उरणकडच्या किनाऱ्यावर आजी डबा आणि छत्री घेऊन सोबत आली. तिचं माहेर मिठागरातलं, म्हणून पाण्याचे कायदे तिचे.

"समुद्राला नारल दिल्याबिगर पान्यात पाय ठेवायचा नाय, जावयबापू."

दिनानाथने हळदकुंकू लावून नारळ पाण्यात सोडला, हात जोडले, आणि बापलेक लाइफ जॅकेट चढवून निघाले.

गळाला कोळंबी लावतो न लावतो तोच मागून मनस्वीने विचारलं, "पप्पा, प्रसाद?"

नारळ समोर डुलत चालला होता. हा देवळातला नारळ नव्हे, समुद्राला दिला तो दिला, असं दिनानाथने समजावलं. मनस्वीला ते पटलं नाही.

"मम्मी अर्धा घरी आणायची. नेहमी."

वर्षभरात तिने मम्मीचं नाव फारसं काढलं नव्हतं. दिनानाथने निमूटपणे होडी नारळामागे वळवली.

नारळ मात्र वसुलीवाला दिसल्यासारखा पळत होता. वल्ह्याने ओढायला जावं तर बुडी मारायचा आणि पलीकडे निघायचा. वाऱ्याने तो तिवरांच्या झाडीकडे गेला, मागोमाग हेही गेले. शेवटी दिनानाथने गळ फेकला. तो आधी त्याच्याच टोपीत अडकला, मग झाडात, आणि मग एकदाचा नारळाच्या शेंडीत. मनस्वीने दोरी गुंडाळली आणि पकडला, पकडला म्हणून अशी ओरडली की किनाऱ्यावर आजीने ऐकलं. जावयाने मोठा मासा मारला, हे तिने तिथल्या झाडून सगळ्यांना सांगून टाकलं. कुणीतरी वजन विचारलं, तर तेही सांगितलं.

इकडे ओहोटीने आपलं काम केलं होतं. होडीखाली पाणीच नव्हतं, नुसता चिखल. ढकलायला म्हणून दिनानाथ उतरला तो गुडघ्यापर्यंत गेला. पाय वर आला, बूट आला नाही. दुसरा पाय काढताना तो सपशेल तोंडावर पडला. पप्पांना वाचवायला मनस्वीने उडी मारली.

आजी कासोटा मारून चिखल तुडवत आली. मासा बघायला होडीत डोकावली. आत नारळ.

"दिलेला नारल परत घेतलात?"

दिनानाथला मे महिना दिसायला लागला.

"मी सांगितलं म्हणून, आजी," मनस्वी म्हणाली. "मम्मी प्रसाद आणायची ना."

आजी होडीच्या काठावर टेकली. काठ तिच्या वजनाचा नव्हता. होडी कलंडली आणि भामाआजी छत्रीसकट चिखलात बसली. मनस्वी इतकी हसली की तिला उचकी लागली. आजीने पदराने तिचं तोंड पुसलं. तोंड आणखी काळं झालं.

तिघांनी मिळून होडी ओढत काठाला आणली. गाडीपाशी आल्यावर दिनानाथने धीर करून मे महिन्याचं विचारलं.

"पोर काय तुमाला सोडून राहनार नाय. मी बघितलं ना." आजी पदर पिळत म्हणाली. "पन तुमा दोघांना एकटं सोडनं पन बरं नाय. मीच येते राहायला."

"या ना, आई," तो म्हणाला, आणि मनापासून म्हणाला.

पनवेलमध्ये शिरेपर्यंत आजीने त्याला झोपायला हॉलमध्ये पाठवलं होतं, त्याच्या टीव्हीची वेळ ठरवली होती, आणि मागच्या सीटवरून पुन्हा एकदा बजावलं होतं, की गाडी जरा हळू चालवा.

गाडी तेव्हा सिग्नलला उभी होती.