नईमसरांचं नक्की काही नसतं

आमच्या शेजारच्या नईमसरांना किती वाजले म्हणून विचारलंत, तर ते आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात, मग मनगटावरच्या, आणि सांगतात, "पाच दहा ते पाच चौदाच्या दरम्यान. पक्कं समजा." त्यांच्या तोंडी 'पक्कं' हा शब्द असा कशाच्या तरी दरम्यानच येतो.

माझा धंदा कापडाचा. जुन्या जालन्यात खाली ठोक कापडाचं दुकान, वर घर, आणि भिंतीला भिंत लागून सरांचं घर. आमच्यात मीटर म्हणजे मीटर. गिऱ्हाइकाला "दोन ते साडेतीन मीटरच्या दरम्यान देतो" असं म्हटलं, तर तो कापड ठेवून मलाच फाडील. त्यामुळे सुरुवातीची काही वर्षं या माणसानं माझं डोकं उठवलं होतं. आता सवय झाली. आता कुणी छातीठोकपणे एकच आकडा सांगितला, की मलाच त्याचा संशय येतो.

सर तरुणपणी सात वर्षं एका बॅटरीच्या कारखान्यात केमिस्ट होते. मग कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं आणि रिटायर झाले. आमच्या गल्लीत रिटायर झालेला माणूस एकतर कुंड्या आणतो, नाहीतर सुनेच्या स्वयंपाकात लक्ष घालतो. सरांनी काँप्युटरात माणूस बसवला. हा माणूस नुसत्या चौकोनांचा. एक चौकोन पोट, एक रक्त, एक लिव्हर, एक मूत्रपिंड, एक हाडं. सर त्याच्या पोटात शिसं सोडतात आणि ते कुठल्या चौकोनात किती जातं, हे सकाळ-संध्याकाळ बघत बसतात.

"समजा शेठ, रक्त म्हंजे मोंढा, आपला धान्याचा बाजार," एकदा त्यांनी मला समजावलं. "माल आला, महिना-दीड महिन्यात निघून गेला. हाड म्हंजे गोदाम. तिथं पोतं पडलं, की वीस-वीस वर्सं हलत न्हाई."

"मग सोपं आहे की."

"सोपं कुठून? कोणाच्या गोदामाला दारं किती, कितपत उघडी, मला काय माहीत? तुमचं येगळं, माझं येगळं. म्हणून एकच माणूस हजार बार चालवून पाहून राह्यलो. दर बारीला दारं थोडी कमी, थोडी जास्त."

"आणि उत्तर?"

"चार ते चाळीसच्या दरम्यान."

"अहो, हे तर मीही सांगितलं असतं!"

"तुमी अंदाजानं सांगितलं असतं," सर जराही न रागावता म्हणाले. "मला काय माहीत न्हाई, ते मला बराबर माहीत हाय."

मी चहा मागवला.

या चौकोनी माणसासाठी सरांना माहिती लागते, आणि ती ते कुणाकडूनही, कुठंही गोळा करतात. माझ्या मुलीला बघायला केदारखेड्याची मंडळी आली होती. पोहे झाले, मुलाचे वडील पाय सैल करून बसले, एवढ्यात सर आत आले. आदाब-नमस्कार झाला. सरांनी खिशातून वही काढली आणि विचारलं, "वजन किती तुमचं? पाणी किती पिता? आन दिवसातून लघवीला किती येळा जाता?" मला वाटलं, जुळत आलेलं आता मोडलं. पण ते गृहस्थ विचारात पडले, मनातल्या मनात मोजलं आणि म्हणाले, "पाच ते सात येळा." सरांचा चेहरा असा काही खुलला! "शेठ," जाताना माझ्या कानाशी म्हणाले, "घर चांगलं हाय. बिलकुल सोडू नका." सोडलं नाही. मुलगी तिकडे सुखात आहे.

शाहीनभाभी, म्हणजे सरांच्या बेगम, या सगळ्याची मनसोक्त चेष्टा करतात. "हमारे साब को पूछो, बच्चे कितने हैं," त्या माझ्या बायकोला सांगतात, "तो बोलेंगे, दो से चार के दरमियान." मुलं तीन आहेत, तिघंही नोकऱ्यांसाठी बाहेरगावी. घरात ही दोघंच. सकाळी भाभींच्या बांगड्या आणि सरांचा कीबोर्ड, असे दोनच आवाज भिंतीपलीकडून येतात आणि मला बरं वाटतं.

गेल्या हिवाळ्यात भाभी जिन्यावरून घसरल्या आणि मनगट मोडलं. प्लास्टर झालं. डॉक्टर म्हणाले, हाडं ठिसूळ झालीत, या वयात बायकांची होतात. गल्लीतून डबे जाऊ लागले. भाभी एका हातानं सगळ्यांना दटावत होत्या. पण सरांचा आठ दिवस कीबोर्ड वाजला नाही.

नवव्या दिवशी दुपारी ते दुकानात आले आणि गादीवर बसले. खिशातून एक बंद पाकीट काढून माझ्यापुढे ठेवलं.

"शाहीनच्या रक्ताचा रिपोर्ट हाय. शिशाचा. तुमी उघडा. माझ्या हातानं होऊन न्हाई राह्यलं."

"भाभींना शिशाचं काय?"

सरांनी पुढ्यातल्या कापडाच्या थानाची घडी सारखी केली. मग बोलले. "कारखान्यातून घरी येत होतो, तवा कपड्यांवर बारीक राखाडी धूळ ऱ्हायची. शिशाची. ती रोज कपडे न्हाणीत झटकायची, मंग धुवायची. सात वर्सं. न्हाणीला खिडकी न्हवती. तिला काय माहीत? पण मी केमिस्ट होतो शेठ. मला माहीत असायला पायजे होतं." त्यांनी पाकीट माझ्याकडे आणखी सरकवलं. "आता हाडं झिजून राह्यली. म्हंजे गोदाम उघडलं. जुना माल परत रक्तात येणार. काँप्युटरातला तो माणूस... तो माणूस न्हाईच. शाहीन हाय ती. वजन तिचं, चहा तिचा, सगळं तिचं. इतके दिवस एकच पाहून राह्यलो, मी तिच्यात किती घातलं."

मला हसावं की रडावं कळेना. इतकी वर्षं मी या माणसाला विक्षिप्त समजत होतो. मी पाकीट फाडलं. आकडा मला दिसला, अर्थ कळला नाही, म्हणून कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा दोनदा पुसला. शिसं होतं, पण घाबरण्याइतकं नव्हतं, असं त्यांनीच सांगितलं. सरांनी डोळे मिटून घेतले.

"हे आजचं रक्त झालं," मग म्हणाले. "हाडात किती, ते न्हाई कळत."

मी त्यांना हाताला धरून घरी नेलं, म्हटलं, हे सगळं भाभींना सांगा. त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं, धुळीपासून रिपोर्टपर्यंत, मान खाली घालून, आणि शेवटी माफी मागितली. भाभी प्लास्टरचा हात उशीवर ठेवून ऐकत होत्या. रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.

"मैं तो सिर्फ कपडे झटकी," त्या म्हणाल्या. "आप तो दिनभर उसी धूल में खडे थे. आपके हड्डियों में कितना है?"

सरांची खाली घातलेली मान वर आली. त्यांच्या चेहऱ्यावरून मला उत्तर कळलं. इतक्या वर्षांत, इतक्या हजार वेळा, त्यांनी स्वतःला एकदाही त्या चौकोनांत घातलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानाचं शटर वर करत होतो, तेव्हा दोघं रिक्षात बसून रक्त तपासणीला द्यायला निघाली होती. भाभींनी धड असलेल्या हातानं सरांच्या शर्टाची बाही आधीच कोपरापर्यंत वर सारली होती, आणि ती खाली येऊ नये म्हणून घट्ट धरून ठेवली होती.